शुद्ध आणि निर्जंतुक

केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेशासाठी २०२२ पासून जी सामायिक परीक्षा घेतली जाते, ती तेरा भाषांतून देता येते. त्या तेरांत मराठी आहे, हिंदी आहे आणि उर्दूही आहे. नांदेडची एखादी विद्यार्थिनी जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीत सोडवून आणि मलिहाबादचा एखादा विद्यार्थी ती उर्दूत सोडवून लखनौच्या विद्यापीठाच्या दाराशी येऊन उभे राहू शकतात. या औदार्याचा अंत मात्र दाराशीच होतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या व्याख्यानापासून अखेरच्या तोंडी परीक्षेपर्यंत पुढचा व्यवहार इंग्रजीचा. पांढरा डगला अंगावर चढवताना विद्यार्थ्याने आपली भाषा खुंटीला टांगून ठेवावी, असा जणू एक अलिखित नियमच प्रयोगशाळेत पाळला जातो.

या विसंगतीची चर्चा बहुधा अडचणीच्या अंगाने होते. विद्यार्थ्यांना व्याख्याने समजत नाहीत, ते टिपणे पाठ करतात, उत्तरपत्रिकेत ग्रंथातील वाक्ये जशीच्या तशी उतरवतात, अशा तक्रारी नव्या नाहीत. आणि त्यांवर इंग्रजीचे पूरक वर्ग हा उपायही ठरलेला आहे. ही अडचण खरीच आहे. तथापि ती तात्पुरती असते. तिसऱ्या सत्रापर्यंत बरेच विद्यार्थी तिच्यावर मात करतात, उत्तीर्ण होतात, नोकरीलाही लागतात. जे नुकसान मागे उरते ते निराळे आहे, आणि यशस्वी विद्यार्थ्याच्या बाबतीत ते अधिक खोलवरचे असते. त्याच्या मनात दोन शब्दसंग्रह शेजारी शेजारी राहू लागतात. पण त्यांची कधी गाठ पडत नाही.

उदाहरण घरातलेच घ्यावे. विटाळशी बाईचा हात लागला तर लोणचे नासते, ही समजूत मराठवाड्यात आहे आणि अवधातही आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी ती लहानपणापासून ऐकत आलेली असते. बरणीपासून दूर राहण्याची शिक्षा तिने स्वतः भोगलेलीही असते. पुढे ती वर्गात बुरशीची वाढ कशी होते ते शिकते. मिठाचे प्रमाण कमी पडले, फोडींत पाणी राहिले, ओला चमचा आत गेला किंवा फोडी तेलाच्या थराबाहेर उघड्या पडल्या की बुरशीला वाव मिळतो, हे तिला अचूक सांगता येते. परंतु हे सारे ती इंग्रजीत शिकलेली असते आणि इंग्रजीतच तिला ते सांगता येते. आजीशी बोलावयाच्या भाषेत त्यातले एकही वाक्य तयार झालेले नसते. परिणामी प्रयोगशाळेतील बुरशी प्रयोगशाळेत राहते आणि घरातील विटाळ घरात. विज्ञानाची पदवी घेतलेली मुलगी सुटीत घरी गेल्यावर त्या चार दिवसांत पुन्हा बरणीपासून दूर बसते. याला श्रद्धा म्हणावे, तर तिने त्या समजुतीवर कधी विचार केलेला नाही. आणि ढोंग म्हणावे, तर तिला विसंगती जाणवलेलीच नाही. दोन भाषांनी तिच्यासाठी दोन खोल्या बांधून दिल्या आहेत, एवढेच.

म्हणूनच पदवीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याची भाषा आणावयाची ती केवळ सोयीसाठी नव्हे. त्या भाषेतील शब्दांची तपासणी व्हावी यासाठी. स्वच्छ, शुद्ध, पवित्र, विटाळ, आंबणे, नासणे, कुजणे, लागण, लस, जंतू हे शब्द घेऊनच विद्यार्थी येतो. सूक्ष्मजीवशास्त्र हे अशा शब्दांची परीक्षा घेऊ शकणारे शास्त्र आहे. ती परीक्षा न घेताच पदवी दिली जाते, हे या शिक्षणाचे खरे न्यून होय.

भाषेच्या बाजूने आजवर झालेले काम कमी आहे असे नाही. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय आणि केंद्रात १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद उभी राहिली. नागपूरच्या ग्रंथनिर्मिती मंडळाने विद्यापीठीय पातळीवरची विज्ञानाची पुस्तके मराठीत काढली, आणि १९७६ मध्ये मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. जीवाणू, विषाणू, कवक, किण्वन, प्रतिजैविक हे शब्द आज मराठी वृत्तपत्रांत सहज वावरतात ते या पिढ्यांच्या परिश्रमांमुळे. परंतु या कार्याचा भर मुख्यतः नामांवर राहिला. इंग्रजी नामाला संस्कृतोद्भव प्रतिनाम मिळाले की काम संपले, अशी एक समजूत रूढ झाली. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली, तेव्हा वाद झाला तोही नामांवरूनच: संज्ञांचे भाषांतर करावे की त्या नागरी लिपीत जशाच्या तशा ठेवाव्यात? वस्तुतः हा वाद दुय्यम आहे. ‘ऑटोक्लेव्ह’ला ‘ऑटोक्लेव्ह’च म्हटल्याने कोणाचे काही बिघडत नाही. त्यात नेमके काय घडते आणि का घडते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या वाक्यात सांगता येते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या भाषांतून उच्च विज्ञान शिकवता येईल काय, या शंकेचे उत्तर हैदराबादने पूर्वीच दिलेले आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानच काय, वैद्यकही उर्दूतून शिकवले जात असे. भाषांतरासाठी स्वतंत्र विभाग होता. १९४८ नंतर ते माध्यम गेले. या प्रयोगातून मिळणारा दुसरा धडा मात्र सहसा कोणी आठवत नाही. निजामाच्या राज्यातील मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला ‘देशी’ म्हणून मिळालेली ती भाषा त्याची मातृभाषा नव्हती. एका परक्या माध्यमाच्या जागी दुसरे माध्यम आणून बसवल्याने घर आणि प्रयोगशाळा यांतील भिंत आपोआप पडत नाही. लखनौत आज इंग्रजीच्या जागी सर्वांसाठी हिंदी आणावी असे कोणी सुचवील, तर तेथे शिकणाऱ्या मराठी, उर्दू किंवा बंगाली भाषक मुलांच्या बाबतीत तोच प्रकार होईल.

या शास्त्राचा स्वतःचा इतिहास पाहिला, तर घरगुती भाषेशी त्याचे वैर कधी नव्हतेच. सूक्ष्मजीवांचे पहिले सविस्तर वर्णन करणारा आंतोन व्हान लेवेनहूक हा डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी. त्याला लॅटिन येत नव्हते, इंग्रजीही येत नव्हते. मिरी भिजवलेल्या पाण्यात त्याला जे हलताना दिसले, ते त्याने १६७६ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या बोलीभाषेत, डचमध्ये, लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्या जीवांना त्याने साधे ‘छोटे प्राणी’ म्हटले. भाषांतराचा भार सोसायटीने उचलला. प्रयोगशाळेत आज सर्वत्र वापरले जाणारे आगर रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत पोचले ते फॅनी हेसे या गृहिणीच्या सूचनेवरून. उन्हाळ्यात जिलेटिन पातळ होते, पण जेलीतले आगर घट्टच राहते, हे तिला स्वयंपाकघरातून ठाऊक होते. मराठी घरांत हेच आगर ‘चायना ग्रास’ या नावाने पुडीत मिळते. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली असता वाल्देमार हाफकिन यांनी जी लस तयार केली, तिच्यासाठी जीवाणू वाढवले ते बोकडाच्या मांसाच्या काढ्यात. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवलेले, आणि त्या थेंबांपासून जीवाणूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबत असे. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. मिरी, चायना ग्रास, तूप! पदवीच्या वर्गात ही नावे उच्चारली जात नाहीत, आणि म्हणून हे शास्त्र दुसऱ्या कोणत्या तरी लोकात जन्मले असावे असे विद्यार्थ्याला वाटत राहते.

लखनौसारख्या शहरात तर दोन-तीन भाषांची तुलना करण्याची संधी सहज मिळते. मराठी घरात दुधाला विरजण लावतात. लखनौच्या घरात जामन लावतात. ‘विरजण’ म्हटले की दुधाचे रूप पालटल्याचे ध्यानी येते, तर ‘जामन’ म्हटले की ते जमल्याचे. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंची क्रिया एकच. एका भाषेने तिची एक बाजू टिपली, दुसरीने दुसरी. खमिरी रोटीतील ‘खमीर’ अरबीतून उर्दूत आला, आणि परिभाषेतील ‘किण्वन’ ज्या ‘किण्व’ शब्दावरून आला तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यनिर्मितीच्या संदर्भात येतो. मराठीत पीठ आंबते, दूध नासते, भाजी विटते, पाने कुजतात. इंग्रजी संज्ञांच्या आधारे यांतील फरक समजावून घेण्याआधीच मराठी मुलीच्या जिभेवर तो असतो. इडलीचे पीठ फुगते कशाने, त्यात कोणते जीवाणू वायू सोडतात, तेच पीठ आणखी एक दिवस बाहेर राहिले तर ‘आंबले’ऐवजी ‘नासले’ असे केव्हा म्हणावयाचे आणि त्या सीमेवर पेशींची संख्या, आम्लता व वास यांत काय बदल झालेला असतो, हा पदवीच्या पहिल्या वर्षाचा उत्तम प्रयोग होऊ शकेल. विद्यार्थ्याच्या भाषेतील एका भेदाला तो मोजमाप देईल.

‘लस’ या शब्दाचेही असेच. मराठीत लस म्हणजे मूळची जखमेतून पाझरणारी ओल. १८०२ मध्ये मुंबईत हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली, त्या काळी ती खरोखरच एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात जात असे. हिंदीने ‘टीका’ म्हणून दंडावरची खूण पाहिली. मराठीने खुणेखालचा द्रव पाहिला. आजच्या लसींत पूर्वीची ती लस नाही. मग त्यांत आहे काय? शब्दाचा इतिहास सांगता सांगता प्रतिकारशक्तीचे एक संपूर्ण प्रकरण शिकवता येईल. ही भाषेची करमणूक नव्हे. जुन्या शब्दातून नव्या ज्ञानापर्यंत जाण्याची ती वाट आहे.

परंतु घरातील शब्द म्हणजे केवळ गोड ठेवा, असे मानणारा स्वतःची फसवणूक करून घेतो. या शब्दांत विषही आहे. मराठीत स्वच्छ, शुद्ध, पवित्र आणि निर्जंतुक ही विशेषणे जवळजवळ उभी असतात, आणि व्यवहारात एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतले जाते. या सरमिसळीचा सर्वांत बोलका दाखला महाडचा आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातनी मंडळींनी त्याची ‘शुद्धी’ केली. शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतल्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला या प्रसंगाचा अर्थ एका वाक्यात सांगता यावयास हवा. शेणात आतड्यातील जीवाणू असतात. म्हणून ते पिण्याच्या पाण्यात मिसळणे म्हणजे ते पाणी दूषित करणे होय. माणसांच्या ओंजळीने जे झाले नव्हते ते शुद्धीच्या घागरींनी केले. तळ्याबाबतचा दावा उच्च न्यायालयात १९३७ मध्ये निकाली निघाला आणि अस्पृश्यांचा हक्क मान्य झाला. शब्दाचा दावा मात्र अद्याप निकाली निघालेला नाही. लखनौत १९९६ पासून बाबासाहेबांच्या नावाचे केंद्रीय विद्यापीठ आहे आणि त्यात पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्राचा विभागही आहे. ‘शुद्ध’ आणि ‘निर्जंतुक’ यांतील अंतर शिकवण्यास याहून योग्य स्थळ कोणते असेल?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. सोवळ्याची शिस्त आणि प्रयोगशाळेची शिस्त यांत साम्य नाही काय? हात धुणे, वेगळे वस्त्र नेसणे, अमुक भांड्याला हात न लावणे हे दोहोंकडे आहेच. साम्य वरवरचे आहे, आणि म्हणूनच ते उकलून दाखवणे आवश्यक आहे. सोवळ्यात स्पर्शाचा दोष स्पर्श करणाऱ्याच्या जन्माला किंवा अवस्थेला चिकटतो. त्याला पुरावा लागत नाही आणि त्यातून जन्मभर सुटकाही नसते. निर्जंतुकीकरणात दोष पेट्री डिशवर वसाहती उगवून दाखवावा लागतो. ज्योतीतून तापवून लाल झालेली तारेची लूप ब्राह्मणाच्या हातातली असो की महाराच्या, सारखीच निर्जंतुक असते. आणि न तापवलेली लूप दोघांच्याही हाती सारखीच घातक. हा समतेचा पाठ आहे, आणि तो बन्सेन बर्नरच्या निळ्या ज्योतीवर रोज गिरवला जातो. विद्यार्थ्याला तो पाठ आहे असे कोणी सांगत नाही, कारण इंग्रजीतील ‘स्टराइल’ या शब्दाला त्याच्या घरातील कोणत्याही शब्दाशी भांडावे लागत नाही.

स्वच्छ आणि निर्जंतुक यांतील भेदही असाच प्राणांशी निगडित आहे. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या लोकांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा मानला गेला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे कळून आले ते असे, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि योग्य रीतीने निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. पुसलेला चिमटा डोळ्यांना स्वच्छ दिसतो. धनुर्वाताचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत. काही जीवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात, म्हणून प्रयोगशाळेत १५ पौंड दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस उष्णता सुमारे १५ मिनिटे द्यावी लागते. घरातील प्रेशर कुकरचे तत्त्व हेच. आकडे विद्यार्थ्याला पाठ असतात. कुकर व ऑटोक्लेव्ह ही भावंडे आहेत, आणि उकळलेले दूधही दुसऱ्या दिवशी का नासू शकते, हे त्याने स्वतःच्या वाक्यांत कधी जोडलेले नसते. जे जोडलेले नसते ते घाईच्या क्षणी हातून सुटते. आजचा पदवीधर ज्या कारखान्यात इंजेक्शने भरतो, ज्या रुग्णालयात नमुने घेतो, ज्या दुग्धालयात दूध तपासतो, तेथे तो शेवटचा हात त्याचाच असतो.

पाण्याच्या बाबतीत लखनौला उदाहरण शोधावयास जावे लागत नाही. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंनी केंद्रीय औषध अनुसंधान संस्थेचे उद्घाटन केले, ते गोमतीच्या काठावरील छत्तर मंजिल या जुन्या नवाबी महालात. संस्था पुढे जानकीपुरमच्या नव्या वास्तूत गेली. गोमती आहे तेथेच आहे. कोणी तिला पवित्र म्हणतो, कोणी मैली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाला हे दोन्ही शब्द अपुरे वाटतात. १०० मिलिलिटर नमुन्यात इ. कोलाय आढळता कामा नये, एवढेच ते म्हणते. आग्र्याला असताना हँकिन यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले होते, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू झपाट्याने मरतात आणि पाणी उकळल्यावर हा गुण नाहीसा होतो. १९१७ मध्ये द’एरेल यांनी जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचे, म्हणजे जीवाणुभक्षकांचे, अस्तित्व मांडले, तेव्हा त्या निरीक्षणाचा एक संभाव्य उलगडा मिळाला. या माहितीचा उपयोग ‘नदी स्वयंशुद्ध असते’ असे म्हणण्यासाठी वारंवार केला जातो. पण ज्या पाण्यात मैला येऊन मिळतो, तेथे जीवाणूही असणार आणि त्यांचे भक्षकही असणार. भक्षक आहेत म्हणून पाणी पिण्यायोग्य ठरत नाही. हा निष्कर्ष नदीकाठी, नदीकाठच्या भाषेत सांगता येणे, ही सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधराकडून करावयाची किमान अपेक्षा आहे.

तशीच अपेक्षा प्रतिजैविकांबाबत. मराठीत जीवाणू आणि विषाणू यांत दोनच अक्षरांचे अंतर आहे. हिंदी बोलीत ‘कीटाणु’ हा एकच शब्द दोहोंना पुरतो. हे अंतर पुसले गेले की सर्दीला प्रतिजैविक मागितले जाते. प्रतिजैविकांच्या पट्टीवर तांबडी रेघ असते, आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत असे २०१६ पासून लोकांना सांगितले जात आहे. त्या रेघेचा अर्थ दुकानात उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगावयाचा? पुण्याजवळ पिंपरीला १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले तेव्हा औषध मिळवणे हा प्रश्न होता. आता ते निरुपयोगी होऊ न देणे हा आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षांत विषाणू हा शब्द प्रत्येक घरात शिरला, पण त्याच घरांतून जीवाणूंवरील औषधेही विनाकारण घेतली गेली. शब्द पोचला, भेद पोचला नाही. भेद पोचवणारी माणसे पदवीच्या वर्गांत तयार व्हावयाची असतात. पदवीधरांतील थोडेच संशोधक होतात. उरलेले सारे आपापल्या गल्लीतले एकमेव सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असतात.

या सर्वांवर व्यावहारिक हरकती आहेत आणि त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. संशोधन-नियतकालिकांची भाषा इंग्रजी आहे, नोकरीच्या मुलाखतीची बहुतेक इंग्रजी आहे, आणि जीवजातींची नावे तर जगभर लॅटिनच राहणार. लखनौच्या एका वर्गात चार भाषांची मुले असतील, आणि शिकवणारा पाचव्या भाषेचा असेल. त्याने चार भाषांत उत्तरे तपासावीत, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. म्हणून येथे माध्यम बदलण्याची मागणी नाही. व्याख्यान इंग्रजीत असो, संज्ञा इंग्रजी वा लॅटिन असोत; पण विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेत विचार करून दाखवण्याची जागा अभ्यासक्रमात अधिकृतपणे असावी.

ती जागा तीन ठिकाणी सहज करता येईल. पहिली प्रयोगवहीत. कृती व निष्कर्ष इंग्रजीत असले तरी निरीक्षणाचा भाग विद्यार्थ्याने आपल्या भाषेत लिहावा. वसाहतीचा रंग, कड, चकाकी, वास यांचे वर्णन पुस्तकातून उतरवता येऊ नये म्हणून हाच उपाय सर्वांत परिणामकारक आहे. तयार वाक्य नसले की डोळ्यांना काम करावे लागते. दुसरी जागा तोंडी परीक्षेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एक प्रयोग असा समजावून सांगावा, जणू समोर परीक्षक नसून त्याची आजी बसलेली आहे. भाषा जाणणारा एखादा प्राध्यापक केंद्रीय विद्यापीठात मिळणे अवघड नसावे, आणि भाषाविभागांनाही त्यात काही काम मिळेल. तिसरी जागा अंतिम वर्षाच्या प्रकल्पात. घरातील एखादी समजूत घ्यावी, लोणच्याची, विरजणाची, तांब्याच्या भांड्यातील पाण्याची, आणि ती तपासून अहवाल दोन भाषांत द्यावा. समजूत खरी ठरली तर कारण सांगावे. खोटी ठरली तर तेही त्याच घरात जाऊन सांगता येईल अशा शब्दांत लिहावे. यासाठी नव्या इमारती लागत नाहीत, नवा आयोगही लागत नाही.

विज्ञान मातृभाषेत आणले की विज्ञान सोपे होते, असे नेहमी म्हटले जाते. ते तितकेसे खरे नाही. मातृभाषेत आणलेले विज्ञान पुष्कळदा अधिक अवघड होते, कारण तेथे त्याला रिकामी पाटी मिळत नाही. ‘शुद्ध’ शब्दाने जागा आधीच अडवलेली असते आणि तिच्यासाठी झगडावे लागते. परक्या भाषेत हा झगडा टळतो, आणि म्हणूनच परक्या भाषेतील विज्ञान इतके निरुपद्रवी राहते. सूक्ष्मजीवशास्त्राने निरुपद्रवी राहावे, अशी सोय आपल्या विद्यापीठांनी आता तरी करू नये. लोणच्याच्या बरणीला हात लावण्याचा हक्क ज्या मुलीला हवा आहे, तिच्या तोंडी आजीला पटेल असे एक वाक्य पदवीने दिले पाहिजे.